उरलेला अर्धा ढीग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ढीग उलटणं. जानेवारीची सकाळ होती. धुकं इतकं की आमच्याच सोसायटीचा पुढचा टॉवर दिसत नव्हता, आणि मागच्या भिंतीजवळचा आमचा पाल्याचा ढीग मात्र वाफा सोडत होता. मी फावड्याने आतलं बाहेर काढत होतो, ती दाताळ्याने बाहेरचा ओला पाला आत ओढत होती. मध्येच तिने स्वेटरची बाही कोपरापर्यंत सारली, हात ढिगात खुपसला आणि झटकन बाहेर घेतला.

"अहो, हात घालून बघा. पातेलं तापावं तसं तापलंय."

मी घातला. बाहेर बोटं वाकत नव्हती आणि आत, कोपरभर खाली, हात ठेववत नाही असली धग. ना विस्तव, ना वीज. नुसता कुजका पाला, भाजीची देठं, चहाचा चोथा आणि आंबलेलं ताक. आत बसून कोणीतरी डोळ्यांना न दिसणारी मंडळी काम करत होती आणि ती त्यांच्या कामाची ऊब होती. बायको त्यांना 'खालची मंडळी' म्हणायची. घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायची. खालची मंडळी आज सुस्त आहेत. खालच्या मंडळींना पाणी कमी पडलं.

अर्धा ढीग उलटून झाला आणि तिला खोकल्याची उबळ आली. कट्ट्यावर टेकली. मी म्हटलं, मी एकटा करतो. तर म्हणाली, "राहू दे. उरलेलं उद्या करू." मी फावडं भिंतीला लावलं, तिने ढिगावर गोणपाट ओढलं, आणि वर जाऊन आम्ही आल्याचा चहा प्यालो. कपाचा कान धरलेल्या तिच्या नखांत काळी माती होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला श्वास पुरेना. उद्याचं काम तसंच राहिलं.

मराठी मंडळाच्या अंकासाठी बायकोच्या आठवणी लिहा म्हणून मंडळाचे लोक मागे लागले, आणि वर "जरा हृद्य होऊ द्या" असंही म्हणाले. हृद्य म्हणजे काय ते मला नीट ठाऊक नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. जन्मभर सरकारी गाडी चालवली, मागे बसलेल्या साहेबांचं सगळं ऐकलं आणि तोंड बंद ठेवलं. आता मागे कोणी बसलेलं नाही. मला राग आलेला आहे आणि मी तोच लिहिणार. छापायचं तर छापा.

राग याचा, की माझी बायको मातीने गेली असं लोक म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत. लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून गप्प होतात, ते मला कळतं. आणि पहिल्यांदा हे म्हणाला तो परका नव्हता, माझा मुलगा होता.

मातीचं हे काय प्रकरण, ते आधीपासून सांगावं लागेल.

लग्न होऊन ती दिल्लीत आली तेव्हा आम्ही हिंदूरावच्या टेकडीखाली एका खोलीत राहत होतो. तिचं माहेर नदीकाठचं, तिथली माती हाताला लागली की धुऊनही जात नाही. इथली माती बघून म्हणाली, ही माती नाही, विटांचा भुगा आहे. कुंडीत तुळस लावली, मेली. परत लावली, परत मेली. मग एका दुपारी ती एकटीच टेकडीवर गेली आणि झाडांखालचा कुजलेला पाला आणि त्याच्या खालची ओलसर काळी बुकणी पदरात बांधून घेऊन आली. खायचं काही असेल म्हणून माकडं मागे लागली होती, पण गाठोडं सोडलं नाही. ती बुकणी तिने कुंडीत कालवली, वरून ताकाचा शिपका मारला आणि ओलं फडकं झाकून ठेवलं. मला हसू आलं. दही लावतेस का म्हणून विचारलं.

तर म्हणाली, "तसंच समजा. दूध नुसतं ठेवलं तर नासतं. त्यात आधी कोणीतरी राहायला जावं लागतं."

ती तुळस जगली. तेव्हापासून आमच्या घरात मातीला विरजण लावणं हा शब्द रुळला. शेजारी वेड्यात काढायचे, काढू देत.

पुढे आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं, काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरात. सरकारी माणसाचं घर म्हणजे आज इथे, उद्या तिथे. ओळखीच्या बायका घर बदलताना आधी देव हलवायच्या. आमच्याकडे देव दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला जुन्या ढिगाच्या तळातली काळी माती, दोन कानांच्या घमेल्यात भरून, वर ओलं गोणपाट. एक कान तिने धरायचा, एक मी. टेम्पोवाला कुरकुरायचा. आर. के. पुरमच्या शेजारीण बाईंनी एकदा टोमणा मारला, "भाभीजी, वहाँ मिट्टी नहीं मिलेगी क्या?" हिचं हिंदी तेव्हा कच्चं होतं, पण उत्तर पक्कं दिलं, "मिलेगी, पर पहचान की नहीं होगी."

जुना ढीग मात्र मागेच राहायचा. मला त्याचा फार त्रास व्हायचा. आर. के. पुरमचं क्वार्टर सोडल्यावर काही कामासाठी तिकडे गेलो तर आमच्यानंतर आलेल्या लोकांनी ढीग सपाट करून तिथे स्कूटर उभी केली होती. मी घरी येऊन तणतणलो. ती भाकरी थापत होती, तिने हातसुद्धा थांबवला नाही. म्हणाली, ढीग सोडायचाच असतो, विरजण न्यायचं असतं, तुम्ही कशाला रडता. मी रडत नव्हतो. पण ते असो.

मुलगा लहान होता तेव्हा थंडीत शाळेला निघण्याआधी ढिगापाशी जायचा, वरचा पाला बाजूला करून दोन्ही हात आत घालून शेकायचा, मग दप्तर उचलायचा. एकदा बाईंनी वास येतो म्हणून वर्गाबाहेर उभा केला. ही शाळेत गेली आणि बाईंना म्हणाली, साबणाने धुऊन पाठवीन, पण शेकू देणार. हा तोच मुलगा. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

एकदा माझ्या ऑफिसच्या लोकांबरोबर सगळ्यांच्या बायकामुलांसकट हरियाणात सोहन्याला गेलो होतो. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं, गंधकाचा वास येतो, लोक खरूज जावी म्हणून अंघोळ करतात. बाकीच्या बायका पाय सोडून बसल्या. आमची ही गुडघ्यावर बसून दगड निरखत होती. जिथे पाणी सगळ्यात गरम होतं तिथे दगडावर हिरवट बुळबुळीत साय धरली होती. तिने ती नखाने खरवडली, हुंगली आणि मला हाक मारून म्हणाली, "अहो, इथेसुद्धा आहेत. एवढ्या गरम पाण्यात." तिचा चेहरा असा झाला होता, जणू परगावच्या स्टेशनावर माहेरचं माणूस भेटलं. एका साहेबांच्या बायको नाक मुरडून म्हणाल्या, ईss, शेवाळ आहे ते, हात धुवा. हिने धुतले. पण परत येताना बसमध्ये सारखी तेच. मग पुढे कितीतरी वर्षांनी नातीने कॉलेजात शिकून येऊन सांगितलं, आजी, अशी जंतूंची वस्ती उकळत्या झऱ्यांतही असते, बर्फाखालीही असते, मिठागरांतही असते, जिथे दुसरं काहीच जगत नाही तिथे ते एकमेकांच्या आधाराने जगतात. ही म्हणाली, मग आपल्यासारखेच की. बदलीवर पाठवलेले.

मी रिटायर झालो आणि मुलाने यमुनेपलीकडे, नोएडाच्या पुढे, हा फ्लॅट घेतला. उंच इमारती, खाली लॉन, फवारे, गेटवर सलाम. फोटोत फार छान दिसतं. पण त्या लॉनखाली काय आहे ते बिल्डरला ठाऊक आणि आम्हाला ठाऊक. वीतभर पिवळी माती वरून ओतलेली, आणि तिच्या खाली मलबा. सिमेंट, प्लास्टर, विटांचे तुकडे, तारा. पाणी घातलं की चार दिवसांनी वर पांढरा थर येतो, चुना सांडल्यासारखा. दर पावसाळ्यात कमिटी वृक्षारोपण करते, रोपासकट फोटो काढते, आणि दर उन्हाळ्यात ती रोपं वाळून काड्या होतात. मग पुढच्या वर्षी नवी रोपं, तेच फोटो. मेलेल्या जमिनीत झाड लावणारे हे लोक आम्हाला अडाणी म्हणतात.

ती मागच्या भिंतीजवळचा कोपरा घेऊन बसली. कोणाला नको होता तो. लक्ष्मीबाई नगरातून आणलेलं घमेलं तिथे रिकामं केलं, म्हणजे त्याच्या आत टेकडीखालच्या खोलीतलंही होतंच. सुरुवातीला काही लागेना. मलब्यात घातलेली मूठ तशीच कोरडी होऊन जायची. मी म्हटलं, हे सोड. तर म्हणाली, "तुम्हाला दिल्लीत रुळायला किती वर्षं लागली? त्यांना जरा वेळ द्या की." सिक्युरिटीचे गार्ड थंडीत वाळका पाला गोळा करून पेटवायचे आणि शेकत बसायचे. ती त्यांना चहा द्यायची आणि पाल्याच्या गोणी घेऊन यायची. म्हणायची, जाळून तासभर शेकाल, माझ्याकडे द्या, महिनाभर शेका. गार्ड हसायचे. पण एक-दोघं खरंच ड्यूटी संपल्यावर येऊन ढिगाला हात लावून जायचे.

आणि तो कोपरा बदलला. पांढरा थर यायचा बंद झाला. फावडं मारलं की पूर्वी खणखण वाजायचं, आता नुसतं रुतायचं. उकरलं की पावसाळी रानाचा वास यायचा, चार बाजूंना काँक्रीट असताना. भिंतीकडेला शेवगा लावला तो दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. त्याच्या शेंगा सगळ्या टॉवरने खाल्ल्या. ज्या बाईंनी नंतर तक्रार केली त्यांनीही खाल्ल्या, सांबारात घालून.

मग कोरोना आला. सगळं जग घाबरलं होतं, मी कोणाला हसत नाही. पण आमच्या कमिटीने पाठीवर पंप घेतलेला माणूस बोलावला आणि जे दिसेल त्यावर फवारा मारला. रेलिंगवर मारला, बाकावर मारला, बंद दुकानाच्या शटरवर मारला, आणि आमच्या ढिगावर मारला. दोन-दोनदा. आम्ही वरून बाल्कनीतून ओरडत होतो, तो मास्कमधून हात हलवत होता. त्याला वाटलं आम्ही शाबासकी देतोय.

आठवड्याभरात ढीग गार झाला. तिला घराबाहेर जाऊ देईनात तेव्हा ती मला पाठवायची, हात घालून बघा म्हणून. मी वर येऊन सांगायचो, गार आहे. मला माझे थोरले भाऊ गेल्याचा फोन आला होता त्या दिवसांत, तिकडे जाता आलं नव्हतं, आणि त्या गार ढिगातून हात काढताना मला दोन्ही एकच वाटायचं. शेवटी दार उघडलं तेव्हा ती बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीतून बोटभर माती घेऊन खाली गेली. परत पहिल्यापासून. दिवाळीपर्यंत ढीग तापला.

त्यानंतर एक बाई सकाळच्या फेरीला आल्या आणि गोणपाट उचलून आत बघितलं. ढीग चांगला तापला की आत राखेसारखा पांढरा थर धरतो. आमची ही तो दिसला की खूश व्हायची, कामाला योग्य मंडळी आली म्हणायची. बाईंनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, फंगस, डेंजरस, किड्स प्ले हिअर. मग काय, दिवसभर त्यावर चर्चा. सेक्रेटरी साहेब हात जोडून वर आले. गोड माणूस, सारखं अंकलजी अंकलजी. म्हणाले, लोगों को कीटाणुओं से डर लगता है. मी म्हटलं, तुम्ही सकाळी दही खाता ना? म्हणाले, हाँ जी, प्रोबायोटिक वाला. मी म्हटलं, मग त्यात काय आहे? ते हसले, आणि हसत हसत ढीग हटवायची नोटीस लावून गेले.

पण या सगळ्याचा मला राग आहे असं नाही. हे चालायचंच. राग पुढच्याचा.

गेली काही वर्षं दिवाळीनंतर इथली हवा कशी होते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसतो, डोळे चुरचुरतात, जीभ कडू होते. मागच्या प्लॉटवर नवा टॉवर चढतो आहे, त्याची धूळ पडद्यांवर बसते. रस्त्यापलीकडे रोज कचरा पेटतो, प्लास्टिकसकट. तिचा खोकला ऑक्टोबरात सुरू व्हायचा आणि होळीला थांबायचा. दर वर्षी थोडा उशिरा थांबायचा. हे सगळ्यांना दिसत होतं. घरात हवा साफ करायचं यंत्र आलं, त्याचा दिवा निळ्याचा लाल व्हायचा आणि ते गुरगुरायचं.

हॉस्पिटलात तिला नेलं तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई सगळं विचारून घेत होती. बिचारी थकलेली होती, पण नीट विचारत होती. दमा आहे का, सिगरेट कोणी ओढतं का, घरात कबुतरं आहेत का, धूळ किंवा मिट्टी का काम है? मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "हाँ, मिट्टी. सारा दिन मिट्टी में हाथ." डॉक्टरीण म्हणाली, अच्छा, आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच. तिने परत मातीचं नाव काढलं नाही. पण मुलाने तो शब्द धरला आणि सोडला नाही. आयसीयूच्या बाहेर बसून मोबाइलवर वाचत राहिला आणि अधूनमधून माझ्याकडे बघत राहिला. मी ओळखलं. तो धूर शोधत नव्हता. धुराला कुठे बघणार, धूर तर सगळ्यांचा. त्याला जवळचं कोणीतरी पाहिजे होतं, ज्याला हात धरून घराबाहेर काढता येईल.

ती परत बोलली नाही. नळीमुळे बोलता येत नव्हतं. तिच्या नखांतली माती नर्सने साफ केली होती. मी बोटं हातात घेतली तेव्हा ती स्वच्छ होती आणि मला ओळखू येईनात.

आठवडा झाला नाही तोच ती गेली.

स्मशानातून आम्ही दुपारी परतलो. संध्याकाळी माणसं येऊन बसली. एक लांबच्या वहिनी होत्या, त्यांनी डोळे पुसत सुचवलं, भावजी, त्यांची थोडी राख त्यांच्या त्या लाडक्या ढिगात घाला, किती छान होईल. मी म्हटलं, वहिनी, तिने आयुष्यभर ढिगाला राखेचा कण लागू दिला नाही. गार्ड शेकोटीची राख टाकायला आले तर अंगावर जायची. आधीच मलब्याने जमीन खारट, त्यात राख. कोणाला माझं बोलणं जड वाटलं, वाटू दे. ती गेली म्हणून तिचं म्हणणं गेलं का?

मग सेक्रेटरी साहेब आले. हात जोडले, खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. जाता जाता मुलाला दाराशी नेऊन हळू आवाजात बोलले, पण मी जन्मभर पुढे बघून मागचं ऐकलेलं आहे. सकाळी नऊला ट्रॅक्टरची ट्रॉली येणार होती. ढीग उचलून, खाली चुना आणि ब्लीचिंग पसरून, वर टाइल्स बसवणार होते. बेंच ठेवणार होते. आंटीजींच्या नावाची पाटी लावू म्हणाले. मुलगा म्हणाला, ठीक है, करवा दीजिए.

माणसं गेल्यावर मी त्याला विचारलं. सूनबाई चहा ठेवत होती, तिने गॅस बारीक केला.

"तू हो म्हणालास?"

"बाबा, मी आधीच म्हणालो होतो. आई आयसीयूत होती तेव्हाच."

"ती जिवंत असताना?"

त्याचे डोळे सुजलेले, केस भादरलेले. मला तो शाळेत जाणारा दिसला आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी म्हटलं, "तुझ्या आईला मातीने मारलं नाही."

"मग कशाने मारलं?" तो म्हणाला. "सांगा ना. धुराने? कोणाच्या धुराने? कोणाच्या दारात जाऊन भांडू मी? तुम्ही सांगा, मी आत्ता जातो."

मी कोणाचं दार दाखवणार? तो म्हणतो तेही खोटं नव्हतं. कचरा पेटवणाऱ्यांचं एक दार नाही, टॉवर बांधणाऱ्यांना दार आहे पण तिथे गार्ड आहे. ढिगाला दारही नाही, गार्डही नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून ढिगाला धरलं. आणि मातीने मारलं नाही हे तरी मी कशावरून म्हणतो? मला शास्त्र कळत नाही. मातीत मारणारेही असतात, धनुर्वाताचं इंजेक्शन उगाच देत नाहीत. पण जी मंडळी तिच्या हाताखाली इतकी वर्षं नांदली, तिच्याबरोबर घरं बदलत आली, त्यांच्यावर बोट ठेवायला आधी काहीतरी पाहायला पाहिजे की नको? चौकशी तरी पाहिजे की नको? मी एवढंच म्हणालो, "तू त्यातच हात शेकून मोठा झालास." तो उठून आत गेला. सूनबाईने चहा आणून दिला, साखर जास्त घालून. मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी खाली गेलो. सुतकात हे करतात की नाही ते मी कोणाला विचारलं नाही. धुकं तसंच होतं. फावडं लावलं होतं तिथेच भिंतीला होतं, दाताळं तिने ठेवलं तसं आडवं. मी गोणपाट काढलं आणि हात घातला. उलटलेली बाजू तापलेली होती. तिने पाला ओढला होता ती बाजू. उरलेली अर्धी गार पडायला आली होती.

मी बाही सारली आणि उरलेला अर्धा उलटायला घेतला. एकट्याने वेळ लागतो. दोन फावडी मारायची, मग दाताळं घ्यायचं, मग परत फावडं. तळाशी पोहोचलो तेव्हा काळी, मऊ, गार माती लागली. ती घमेल्यात भरली आणि वर ओलं गोणपाट टाकलं.

ट्रॉली नऊच्या आधीच आली. ट्रॅक्टरवाला उतरला, ढीग बघितला, मला बघितलं, म्हणाला, बाबा, ये तो उठाना है, आप क्यों पलट रहे हो? मी म्हटलं, बचा हुआ था. तो बिडी पेटवून बाजूला उभा राहिला. घाई केली नाही त्याने. मी शेवटचं दाताळं ओढलं, झारीने पाणी शिंपडलं, आणि त्याला म्हटलं, आता उचल. त्याने फावडं घातलं तशी वाफ वर आली आणि तो दचकून मागे सरला. अंदर आग है क्या, म्हणाला.

घमेलं मला एकट्याला उचलेना. दोन कान आणि मी एक. मुलगा खाली आलेला होता, शाल गुंडाळून, किती वेळ उभा होता कोण जाणे. म्हणाला, "द्या इकडे." मी दिलं नाही. अर्धी माती तिथेच गोणपाटावर काढली आणि उरलेली घेऊन निघालो. सर्व्हिस लिफ्ट बंद होती. मोठ्या लिफ्टमध्ये एक बाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. घमेल्याकडे बघून त्यांनी कुत्र्याला पोटाशी ओढलं. मी म्हटलं, बहनजी, ये काटती नहीं.

दुसऱ्या खेपेला खाली आलो, अर्धी माती भरली आणि परत फिरलो, तर मुलगा लिफ्टच्या दारात हात घालून उभा होता. लिफ्ट टूंटूं करत होती, आतले दोघं घड्याळ बघत होते. त्याने दार सोडलं नाही. मी आत गेलो. आम्ही दोघं वर आलो.

बाल्कनीत धुण्याच्या पाण्याचा एक जुना ड्रम होता. त्याच्या तळाला भोकं पाडली, गार्डने ठेवलेल्या गोणीतला पाला घातला, त्यावर घमेलं रिकामं केलं. एवढ्याशा मालाला ताप चढत नाही, हे मला माहीत आहे. मग स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईकडे ताक मागितलं. सुतकात ताक कशाला हे तिने विचारलं नाही. तिने पातेलं दिलं. मी शिपका मारला आणि ओलं गोणपाट झाकलं.